घाटमाथ्यावरची सराई आणि राणीचं बिल

आमचा रविवारचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट रचायचा खेळ) ग्रुप आहे, पाच जण, त्यातला एक व्हिडिओ कॉलवर, आणि गेल्या पावसाळ्यात डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, व्हायची पाळी माझ्यावर आली. हा गेम खेळणाऱ्यांना माहीतच असेल, निम्म्या गोष्टी सराईतच सुरू होतात. बाहेर पाऊस, आत शेकोटी, लाकडी मग, कोपऱ्यात तोंड झाकून बसलेला एक गूढ माणूस. मला त्या माणसाचा जाम कंटाळा आलाय. म्हटलं सराई हवीच असेल तर आपल्या वाटेवरची करू, आणि डोक्यात पहिलं आलं ते नाणेघाट.

जुन्नरहून कोकणात उतरणारी ही सातवाहनांच्या काळची व्यापारी वाट, पुढे कल्याण, सोपाऱ्याकडे जाणारी. वर घाटघर, खाली वैशाखरे. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सांगतात. आणि लेणं आहे, त्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, कुठले यज्ञ केले आणि दान काय दिलं त्याची यादी, आकड्यांसकट. १७०० गायी, १०,००१ गायी, हत्ती, घोडे, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते, आता वर कोरलेली नावं आणि खाली फक्त पावलं उरलीत. अहो, हे असं आयतं मिळाल्यावर मी वेगळं काय रचणार?

तर माझी सराई त्या लेण्याला चिकटून. चालवते आक्का, वय कुणालाच माहीत नाही. खायला नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, प्यायला मोहाची, आणि अंगणात हिरडा वाळत घातलेला. दिवे लागल्यावर मीठ मागायचं नाही (हे आमच्या आजीचं, मी फक्त उचललं). पैसे आक्काच्या हातात द्यायचे नाहीत, आल्या आल्या रांजणात टाकायचे. खोटं नाणं दरीत फेकलं तर वारा ते उलटं आणून तोंडावर मारतो, कारण पावसाळ्यात तिथे धबधब्याचं पाणी खरंच वाऱ्याने वर उडतं, ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

आणि भिंतीवरचा लेख? आक्का म्हणते, दान कसलं, ते बिल आहे. राणी लवाजमा घेऊन उतरली, जेवली, गायी देते म्हणाली आणि गेली. गायी अजून यायच्यात. ती पावलं म्हणजे तारण ठेवलेले पाहुणे, वाट बघून बघून वरून झिजले. तांडेवाले वेगळंच सांगतात, की पाहुणे रात्री मीठ आणायला कोकणात उतरतात आणि घाईत पावलं इथेच विसरतात. मी मुद्दाम दोन्ही ठेवलं. लोककथा एकच आणि नीट जुळणारी असली की ती कुणीतरी बसून लिहिलीय हे लगेच कळतं, गावात एकाच देवळाच्या तीन गोष्टी असतात आणि तिघंही शपथेवर सांगतात.

माझा प्लॅन असा की एक रात्र मुक्काम, सकाळी निघा, पुढे खरं साहस. कसलं काय. चार रविवार झाले, मंडळी सराईतून हलेनात. एक जण राणीच्या बिलाचं व्याज काढत बसला. मावसभाऊ चोराचं पात्र खेळतो, त्याने विचारलं, "आक्का, हा रांजण कधी भरत कसा नाही? रिकामा कोण करतं?" मी गप्प. याचा विचारच केला नव्हता. त्याने फासा टाकला, नेमके वीस पडले, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा, आता काहीतरी द्यायलाच हवं, म्हणून तोंडाला येईल ते बोललो, की रांजणाला बूड नाही, नाणी डोंगराच्या पोटातून घरंगळत थेट खाली वैशाखऱ्याला पडतात.

दोन सेकंद शांतता. मग कॉलवरचा म्हणाला, "म्हणजे खाली पण एक सराई असणार. आणि ती म्हणत असेल की रांजण आमचाच."

झालं. आता येत्या रविवारी सगळे खाली उतरणार आहेत, आक्काने वसुलीसाठी पाठवलंय, आणि मी तयार केलेला ड्रॅगन शेजारच्या जीवधन किल्ल्यावर उपाशी बसलाय. खालच्या सराईत जेवायला काय मिळतं तेसुद्धा अजून ठरवलं नाहीये. सुकट तरी असेलच.