पाचवा हिस्सा

काकूंनी चहा पुढे केला आणि सहज बोलून गेल्या, "यंदा सासूबाईंची आमसुलं आली नाहीत अजून."

मी बेडरूमची लांबी मोजत होते. बँकेने कार्पेट एरिया पुन्हा मागितला होता, म्हणून टेप घेऊन गेले होते. विचारलं, "सासूबाई म्हणजे काकांच्या आई? आहेत?"

"आहेत की. चौऱ्याऐंशीच्या. गावाला असतात, सगळं स्वतः करतात अजून."

फ्लॅट 54 लाखांना ठरला होता. टोकन झालं होतं, घेणाऱ्यांचं लोन सँक्शन झालं होतं, पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन होतं. आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रावर नावं चारच होती: काकू, दोन मुलगे, एक मुलगी. चहा तसाच ठेवून मी बाल्कनीत गेले आणि आमच्या वकिलांना फोन लावला.

डोंबिवली पूर्वेला माझं ऑफिस आहे. रीसेलचं काम करते, अठरा वर्षं झाली. हा फ्लॅट काकांनी 1996 मध्ये घेतलेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका 2021 मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. काकूंचे गुडघे गेल्यामुळे हे विकून बदलापूरला लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जायचं ठरलं होतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव होतं, त्यामुळे शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर चढलं होतं. नॉमिनी झाला म्हणजे मालक झाला असं लोकांना वाटतं. तसं नसतं. नॉमिनी सांभाळणारा, मालकी वारसांची. हे मी त्यांना पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं आणि म्हणूनच चौघं सह्या करणार होते.

पण वारस पाच होते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको-मुलांच्या बरोबरीने त्याची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते. वडील त्या वर्गात येत नाहीत, आई येते. हिस्सा सगळ्यांना सारखा. म्हणजे गावाला आमसुलं वाळवत बसलेल्या आजींचा या फ्लॅटमध्ये पाचवा हिस्सा होता, 10 लाख 80 हजार रुपये. "काकांच्या मागे कोण कोण?" एवढंच मी विचारलं होतं. "काकांची आई आहे का?" हे टोकन घ्यायच्या आधी विचारायला हवं होतं. चूक माझी होती.

मोठा मुलगा वाईट नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मात्र तो पटकन म्हणाला, "ताई, आजीचा हक्कसोड करून घेऊ. ती काही नाही म्हणणार नाही." दोन दिवसांत त्याने हक्कसोडपत्राचा मसुदासुद्धा करून आणला. मला म्हणाला, तुम्हीही चला, तुम्हाला कागदाचं नीट सांगता येईल.

मी एका अटीवर गेले. कागद बाहेर काढायच्या आधी आजींना आकडा सांगायचा. तो हो म्हणाला. आकडा ऐकून काय फरक पडणार आहे, असं त्याला वाटलं असावं.

मे महिना होता. दिव्याहून सकाळची सावंतवाडी गाडी पकडली आणि दुपारी संगमेश्वर रोडला उतरून रिक्षाने गावात पोचलो. आजी पडवीत बसल्या होत्या. समोर ताडपत्रीवर कोकमाची सालं पसरलेली, शेजारी पातेल्यात रस. सालं रसात बुडवायची, पिळायची, परत उन्हात घालायची. बोटं मनगटापर्यंत लालजांभळी झाली होती. नातवाला बघून त्या उठायला लागल्या तर त्याने खाली वाकून नमस्कार केला. मला म्हणाल्या, "बस, बाय. पानी घे आदी."

जेवणं झाल्यावर विषय निघाला. नातू म्हणाला, "आजी, डोंबिवलीचं घर विकतोय. तुझा एक अंगठा लागणार आहे."

आजींनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "आजी, ते घर तुमच्या मुलाचं होतं. त्यांनी कुणाच्या नावाने लिहून ठेवलं नाही, म्हणून कायद्याने त्याचे पाच वाटे होतात. एक वाटा तुमचा आहे. त्याचे दहा लाख ऐंशी हजार होतात. हे पैसे तुम्ही घेऊ शकता किंवा नातवंडांना सोडू शकता. सोडायचे असतील तर त्या कागदावर अंगठा द्यायचा."

"सोडायचं म्हंजे परत न्हाय मिळायचं?"

"नाही."

बराच वेळ त्या कोकमाची सालं उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यो म्हैन्याला पैशे धाडायचा. पावसाच्या आदी घर शाकारायला येगळे. त्यो गेल्यावर कुनी धाडलं?"

नातू खाली बघत होता. "आजी, आईचे गुडघे गेलेत. तीन जिने चढवत नाहीत तिला. बदलापूरला घर घ्यायचंय."

"घ्या की. तुमचं तुमी घ्या, माजं मला द्या." आवाजात राग नव्हता. "चेक माज्या नावानं काड. तुज्या नको."

अंगठ्यासाठी परत यायला नको म्हणून मी मुखत्यारपत्राचं विचारलं. आजींनी मान हलवली. "मीच येतंय. माज्या लेकाचं घर बगतंय एकदा."

परतीच्या प्रवासात तो पनवेलपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आकडा सांगितला नसता तर तिने अंगठा दिला असता."

"दिला असता," मी म्हटलं.

त्याला मी सांगितलं नाही, पण माझ्या डोक्यात दुसरीच एक बाई होती. माझं हे काम नवीन असताना एका व्यवहारात सासरहून आणलेली बहीण. "भावाला एक सही हवी आहे" एवढंच सांगून तिला गाडीत बसवलेलं. कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, कॅमेऱ्यासमोर बसल्यावर तिने मला विचारलं होतं, "ही सही कशाची हो?" आणि मी म्हटलं होतं, "काही नाही, फॉर्मॅलिटी आहे." तो शब्द मी त्यानंतर कुठल्याही पार्टीला वापरलेला नाही.

पुढचे दोन महिने कठीण गेले. घेणारं जोडपं दिव्याला भाड्याने राहत होतं, अकरा महिन्यांचा करार जूनअखेर संपत होता. मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. नवरा चिडला, टोकन परत मागितलं. त्याचंही बरोबर होतं. आजींना वगळून सही झाली असती, तर उद्या त्यांनी किंवा त्यांच्यामागे त्यांच्या मुलींनी दावा लावला असता आणि हप्ते भरत असताना कोर्टाच्या खेपा यांच्या नशिबी आल्या असत्या. बायको मात्र शांतपणे म्हणाली, "पाचही जणं सही करणार असतील तर थांबू." फ्लॅट तिच्या एकटीच्या नावाने होणार होता. बाईच्या नावाने घेतलं की मुद्रांक शुल्क एक टक्का कमी लागतं, 54 हजार वाचतात. तेवढ्यात त्यांचं वाढीव भाडं आणि डिपॉझिटचं गणित बसलं.

मग पॅन कार्ड. व्यवहार 50 लाख किंवा वर असला की घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापायचा असतो. विकणाऱ्यांचे हिस्से वेगवेगळे असले तरी ऑक्टोबर 2024 पासून एकूण किंमत धरतात. पॅन नसेल तर कापणी 20 टक्के. आजींचे 2 लाख 16 हजार अडकले असते. आधारला मोबाइल जोडलेला नव्हता, त्यामुळे ऑनलाइन ई-पॅनही निघेना. शेवटी आत्याच्या मुलाने त्यांना देवरुखला नेऊन आधी मोबाइल जोडला, मग पॅन काढलं.

बदलापूरचं टू बीएचके सुटलं. काकूंनी तिथेच वन बीएचके घेतला, लिफ्ट आहे. काकूंच्या मुलीने माझ्याशी बोलणं टाकलं ते अजून तसंच आहे. तिला वाटतं मी त्यांचे पैसे घालवले.

जुलैत आजी आल्या. रजिस्ट्रेशनच्या दिवशी करारनाम्यावर लिहून देणार म्हणून पाच नावं होती, शेवटचं त्यांचं. बँकेचे पैसे निघेपर्यंत त्या त्याच फ्लॅटमध्ये राहिल्या. तीन जिने रोज एकदा उतरायच्या आणि चढायच्या. काकू म्हणाल्या, "यांच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसतात."

ताबा द्यायच्या दिवशी डिमांड ड्राफ्ट आले. आजींनी आपला ड्राफ्ट माझ्या हातात दिला, "वाच, बाय."

"दहा लाख एकोणसत्तर हजार दोनशे."

"वरले धा हजार आटशे?"

मी सांगितलं, तो टीडीएस. तुमच्या पॅनवर सरकारात जमा होणार, टॅक्सच्या हिशोबात धरतात. त्याचा कागद येतो, फॉर्म 16बी, पण थोडा वेळ लागतो.

"आला की घेऊन ये," त्या म्हणाल्या आणि ड्राफ्ट चौकोनी घडी करून कनवटीला लावायला लागल्या. ड्राफ्टला घडी पडू नये म्हणून मी घाईने माझी प्लॅस्टिकची फाइल पुढे केली. त्यांनी ती घेतली, ड्राफ्ट आत सरळ ठेवला आणि फाइल दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या. घेणारी मुलगी चावी घ्यायला उभी होती. आजींनी तिला जवळ बोलावून विचारलं, "तुज्या नावावर हाय न्हवं?"

"हो, आजी."

"मंग बरं," म्हणाल्या.