फंकी ड्रमर: बारच्या शेवटची फट बुजली

जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' या गाण्यातला ड्रमचा तुकडा सलग फिरवताना मागच्या नोंदीत अडकलो होतो; तो लूप अखेर समेवर आला. प्रत्येक बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या, शेवटी ऐकू येणारी ती फट गेली, तीही क्रॉसफेड (तुकड्यांची टोकं एकमेकांत विरघळवणं) न लावता. दोष सॅम्पलरचा, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा, नव्हताच. तो तबकडीच्या ३३ आणि ४५ या वेगांच्या (मिनिटाला फेरे) गुणोत्तरात दडला होता.

आधी आकडे. ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचं हे वादन २० नोव्हेंबर १९६९ ला सिनसिनाटीत रेकॉर्ड झालं. आपण ब्रेक (फक्त ड्रम वाजतात तो भाग) घेतोय तो १९८६ च्या 'इन द जंगल ग्रूव्ह' या एलपीवरच्या लांब आवृत्तीतून. (त्याच एलपीवरचा 'बोनस बीट रीप्राइज' घेऊ नका. तो आधीच लूप केलेला आहे, दर बारला बदलणारा हात त्यात सापडत नाही.) वेग साधारण १०१ बीपीएम (मिनिटाला ठोके), म्हणजे एक बार २.३७६ सेकंदांचा. एसपी-१२०० या जुन्या सॅम्पलरची बंधनं संगणकावर जशीच्या तशी पाळली आहेत: १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग दर, एका सॅम्पलला जास्तीत जास्त २.५ सेकंद, सगळे मिळून १० सेकंद. ३३ वर चार बार घेतले की ९.५ सेकंद संपले, मग सॅक्सोफोनचा तुकडा ठेवायचा कुठे? ४५ वर तेच चार बार ७.०४ सेकंदांत मावतात. म्हणून तबकडी ४५ वर वाजवून घ्यायची आणि सॅम्पलरच्या आत पाच सेमीटोन (अर्धस्वर) खाली उतरवायची, ही जुनी युक्ती.

गोम इथेच आहे. ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५, आणि १.३५ म्हणजे ५.१९५ सेमीटोन. पाच उतरवले तरी जवळजवळ २० सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) वर राहतात. ऐकायला क्षुल्लक, पण वेगात हा फरक १.१४ टक्के पडतो. दर बार सुमारे २७ मिलिसेकंद लवकर संपतो आणि पुढचा बार सुरू होईपर्यंत शांतता पसरते. शेवटच्या हाय-हॅटनंतर ठेका लंगडतो तो यामुळे. सीक्वेन्सरचा, म्हणजे ठरल्या वेळी बार वाजवणाऱ्या यंत्रणेचा, वेग १०२.१ केला तर फट बुजते, पण ३३ वर घेतलेला सॅक्सोफोनचा बार मग शेवटी कापला जातो. क्रॉसफेडचा उपाय तर मुळीच नको. समेच्या आधी स्नेअरवरच्या ज्या हलक्या घोस्ट नोट्स आहेत, त्याच पुसल्या जातात, आणि या ब्रेकचा सगळा जीव त्यांच्यातच आहे.

उपाय सरळ आहे: ४५ वर वाजवतानाच पिच उणे १.१२ टक्के ठेवायचा. एसएल-१२०० टर्नटेबलच्या स्ट्रोब ठिपक्यांत (वेग दाखवणारे कडेचे ठिपके) या आकड्याची ओळ नाही आणि पट्टीवर नजरेने एवढं बारीक जुळत नाही. म्हणून ३१५० हर्ट्झचा टोन असलेली ३३ ची टेस्ट रेकॉर्ड ४५ वर लावा आणि संगणकावर ४२०५ हर्ट्झ दिसेपर्यंत स्लायडर सरकवा. मग स्लायडरला हात न लावता ब्रेक घ्या. चार बार आता ७.१२ सेकंद घेतात आणि सॅक्सोफोनच्या एका बारला पुरेशी जागा उरते. बारीक पिच स्लायडर नसलेला टर्नटेबल या कामाला घेऊच नये, मग तो कितीही देखणा असो.

पहिल्यांदा चारही बार सलग फिरले तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या स्नेअरमागची ती कुजबुज अखंड ऐकू आली. क्वांटाइझ (ठोका अचूक वेळेवर ओढणं) फक्त बारच्या पहिल्या किकपुरतं. सोळांशांना हात लावायचा नाही. स्टबलफील्ड क्लिकवर (मेट्रोनोमवर) वाजवत नव्हता, त्यामुळे प्रत्येक बार वेगळा मोजून स्वतंत्र पॅडवर ठेवला आहे.

हाय-हॅट मात्र अजून मंद वाटतो. त्यातलं काही अपेक्षितच आहे. सॅम्पलिंग दराच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज टिकतो; २६.०४ चा निम्मा १३.०२ किलोहर्ट्झ, त्यामुळे वेग उतरवल्यावर ९.७५ किलोहर्ट्झच्या वरचं मूळ काहीच उरत नाही. वर जी धातूसारखी किणकिण येते ती सॅम्पलरने घातलेली, आणि ती हवीच आहे. पण दुसरं कारण फोनो प्रीअँपमध्ये, म्हणजे तबकडीचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रात, आहे. तबकडी जास्त वेगाने फिरते, आरआयएए वक्र (तबकडीवर बदलून कोरलेले बास आणि ट्रेबल पूर्ववत करणारी ठरलेली दुरुस्ती) मात्र जागचा हलत नाही. परिणामी मूळ २ किलोहर्ट्झच्या वरचा भाग मध्याच्या तुलनेत सुमारे दीड डेसिबलपर्यंत खाली जातो आणि वरच्या बासमध्येही सुमारे एक डेसिबलची खळी पडते. सध्या दोन्हीकडे शेल्फ (एका टोकाचा आवाज उचलणारा फिल्टर) लावून भरपाई केली आहे.

खरं तर हे लिहिता लिहिताच सुचतंय की वेग टर्नटेबलवर वाढवायचाच कशाला? ३३ वरच, ९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करायचं. आरआयएए बरोबर बसेल. मग फाइलचे नमुने न बदलता तिचा दर १२८१४५ हर्ट्झ असा फक्त जाहीर करायचा. वेग नेमका पाच सेमीटोन वाढतो, वीस सेंट उरतच नाहीत, टेस्ट रेकॉर्डची गरजही संपते. तिथून २६.०४ वर उतरवायचं. शेल्फचं काम इथेच थांबवतोय. पुढच्या नोंदीत दोन्ही मार्गांनी घेतलेला एकच बार शेजारी शेजारी असेल, आणि सॅक्सोफोन दोन्हींवर तोच.