एलएस३/५ए: १५ ओहम आणि ११ ओहम, तुलनेची नोंद

रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल, ऑडिओमास्टर, हार्बेथ, गुडमन्स, केईएफ... एलएस३/५ए या छोट्या स्पीकरवर नाव कुणाचंही असो, आराखडा बीबीसीचाच आणि परवानाही बीबीसीचाच. त्यामुळे जुनी जोडी हाती आली की आधी बिल्ला नाही, क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) पाहायचा. त्यावर एफएल६/२३ असेल तर आवृत्ती १५ ओहमची (हा नाममात्र विद्युत रोध), एफएल६/३८ असेल तर ११ ओहमची. खरी फाळणी इथे आहे.

ती पडली वूफरमुळे, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूमुळे. केईएफचा बी११०, बेक्स्ट्रीन या प्लॅस्टिकच्या शंकूचा, वर्षानुवर्षं उत्पादनात थोडाथोडा सरकत गेला आणि बीबीसीच्या मर्यादेत बसवणं अवघड झालं. १९८७ च्या सुमारास नवा बी११० (एसपी१२२८) आणि त्याला जुळणारा नवा क्रॉसओव्हर आला. १५ ओहममध्ये एसपी१००३ असतो. हे दोन वूफर एकमेकांच्या जागी बसतात, पण वाजतात चुकीचे. बी११० ला १ किलोहर्ट्झच्या आसपास येणारा उंचवटा दाबायचं काम क्रॉसओव्हर करतो आणि ते त्या-त्या वूफरसाठी मोजून केलेलं आहे. वरचे सूर वाजवणारा ट्वीटर दोन्हीकडे टी२७ (एसपी१०३२), १९ मिमीच्या घुमटाचा.

तुलनेआधीची तपासणी टाळली तर सगळी मेहनत पाण्यात. टर्मिनलवर मल्टिमीटर लावला की फक्त वूफरचा मार्ग मोजला जातो. ट्वीटर कपॅसिटरच्या मागे असतो आणि मीटरचा डीसी प्रवाह त्यातून जात नाही. डावा-उजवा आकडा जवळपास सारखा आला म्हणून ट्वीटर शाबूत आहे असं मुळीच होत नाही. त्यासाठी हळू आवाजात गुलाबी नॉइज (खालपासून वरपर्यंत सगळे सूर असलेला सलग खरखराट) द्यायचा आणि कान जवळ न्यायचा. मग वूफरचा शंकू दोन्ही अंगठ्यांनी, कडेला सारखा दाब देत, अगदी हळू आत ढकलायचा. खरखर आली तर व्हॉइस कॉइल घासतेय. सोडल्यावर शंकू सावकाश परतला पाहिजे. टणकन उडून आला तर खोकं गळतंय. हे बंद खोकं आहे, जेमतेम ५ लिटरचं. बॅफलच्या (वूफर-ट्वीटर बसवलेल्या पुढच्या फळीच्या) कडेची जुनी फोमची पट्टी भुगा झाली की खालचा सूर पातळ होतो आणि दोष भलत्याच आवृत्तीला लागतो. बॅफलचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे करून आवळायचे.

ट्वीटरभोवतीचा जाड लोकरी फेल्ट आणि टायगनची (एका विणलेल्या कापडाची) जाळी हे दोन्ही आराखड्याचे भाग आहेत. बॅफल आत बसवलेला असल्याने खोक्याची कड पुढे येते आणि तिथून परावर्तन होतं. ते फेल्ट शोषतो. जाळी काढून ऐकणं म्हणजे वेगळाच स्पीकर ऐकणं. पातळ पॉलिस्टरचं कापड लावलेली जोडी तुलनेला घेऊच नये.

आता पातळी. २.८३ व्होल्टला १५ ओहम नाममात्र ०.५३ वॅट घेतो, ११ ओहम ०.७३ वॅट. स्विच मारून लगेच ऐकलं की मोठा वाजणारा चांगला वाटतो, हा धोका इथे थेट आहे. म्हणून व्होल्टेज नाही, ऐकण्याच्या जागेवर ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला नॉइज मोजून पातळी जुळवायची. दोन्ही आवृत्त्यांची संवेदनशीलता ८२–८३ डेसिबलच्या घरात, म्हणून मोठ्या दिवाणखान्यात त्यांच्याकडून धडाका मागू नये. हा स्पीकर बीबीसीच्या ओबी (बाह्य प्रक्षेपणाच्या) व्हॅनसाठी, जवळून ऐकायला केलेला. व्हॉल्व्ह अॅम्पवर १५ ओहमला १६ ओहमचा टॅप (आउटपुटची जोडणी). ११ ला ८ आणि १६ दोन्ही लावून ऐकावेत.

ऐकण्यासाठी तानपुरा फार कामाचा. जवारीची झळाळी सलग असल्यामुळे मधल्या पट्ट्यातला छोटासा उंचवटाही लपत नाही. १५ ओहमवर आवाज एक पाऊल पुढे येतो, गाणाऱ्याचा श्वास आणि ओठ स्पष्ट होतात, जवारीत एक दाट पट्टा जाणवतो. ११ ओहमवर तोच तानपुरा सपाट, वरपर्यंत एकसारखा. डग्ग्याची मींड मात्र दोन्हीकडे फुगवून येते; वरच्या बासमधला तो फुगवटा या स्पीकरच्या घडणीतलाच आहे, ८० हर्ट्झखाली काही नसल्याची भरपाई. भिंतीला चिकटवलात तर तोच फुगवटा गढूळ होतो.

माझं मत: नुसता कंठ ऐकायचा तर १५ ओहम, सगळ्या प्रकारचं संगीत असेल तर ११. पण ढिली पट्टी किंवा नसलेला फेल्ट यांनी पडणारा फरक या दोघांमधल्या फरकाहून मोठा असतो, आणि बाजारात १५ ओहमला मिळणारा जादा भाव ऐकू येणाऱ्या फरकाच्या मानाने अवाजवी आहे.

पुढचं काम ट्वीटरच्या पातळीचं. १५ ओहमच्या क्रॉसओव्हरवर टॅप असलेला ऑटोट्रान्सफॉर्मर (ट्वीटरची पातळी पायऱ्यांनी ठरवणारा) असतो आणि प्रत्येक टी२७ च्या संवेदनशीलतेप्रमाणे कारखान्यात टॅप निवडलेला असतो. कुणी आधी ट्वीटर बदलला असेल आणि टॅप तसाच ठेवला असेल, तर डाव्या-उजव्यात फरक राहतो आणि गाणारा मधोमध उभा राहत नाही. बोर्ड बाहेर काढल्यावर जंपर कुठल्या टॅपवर आहे त्याचा आधी फोटो घ्यायचा, मग एका वेळी एकच पायरी हलवून पुन्हा मोजायचं. कपॅसिटर सरसकट बदलू नयेत. एक पाय सोडवून किंमत मोजायची, सरकलेलाच तेवढा काढायचा.