तिला बसता येत नव्हतं

स्फोटकं शोधणाऱ्या डॉगला वास लागला की भुंकायचं नसतं, पंजाही मारायचा नसतो. जागच्या जागी गुपचूप खाली बसायचं आणि नाक त्या वस्तूकडे धरायचं. समोर काय ठेवलंय ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे जरासा धक्काही चालत नाही. मुंबई पोलिसांच्या जंजीर नावाच्या डॉगनं १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधलं, हे आमच्या पथकात आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच ऐकायला मिळतं. पण रोजच्या कामात आमचा सगळा भरवसा या एका बसण्यावर असतो.

रेवा सलग सात वर्षं अशी बसत आली. फिकट रंगाची लॅब्रॅडोर, डावा कान किंचित दुमडलेला. व्हीआयपी दौऱ्याचं हेलिपॅड, सभेचं स्टेज, आषाढीला पंढरपूरचा बंदोबस्त, सगळीकडे आम्ही बरोबर. एका डॉगला दोन हँडलर असतात. पहिला मी, दुसरा माझ्याहून बराच तरुण शिपाई, तो मला दादा म्हणतो. रेवा साडेनऊची झाली तेव्हा नवं पिल्लू मंजूर झालं आणि त्याच्याबरोबर पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात सहा महिने जायची ऑर्डर माझ्या नावानं आली. तोवर रेवाला दुसऱ्या हँडलरनं चालवायचं ठरलं.

जाण्याआधी साहेबांनी सराव लावला. जागा एसटीचं आगार, भंगारात काढलेली एक लाल बस. जून उजाडला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता आणि पत्रा नुसता तापला होता. स्फोटकाचा नमुना साहेबांनी स्वतः लपवला. मी बाहेर, खिडकीशी उभा.

पोरानं तिला मागच्या पायांखाली हात घालून पायरीवर चढवलं. मीही तसंच चढवायचो. ती मधल्या वाटेनं निघाली. धाप लागलेली, जीभ बाहेर. डाव्या हाताच्या चौथ्या सीटपाशी तिचं तोंड एकदम मिटलं. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला नीट वास घेता येत नाही, म्हणून पक्का वास मिळाला की ते आधी तोंड मिटतं. शेपूट ताठ झाली, नाकपुड्या भराभर हलायला लागल्या. तिनं मागचा भाग थोडा खाली नेला, अर्ध्यावर थांबली, परत वर आली. आणि खिडकीतून माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

पोरगा तिच्या बसण्याची वाट बघत होता. त्याला तेच शिकवलंय. दोन-तीन श्वास थांबून त्यानं पट्टा हलका ओढला, "चल रेवा, सर्च." ती निघाली. पुढच्या दारातून उतरून त्यानं सांगितलं, "क्लिअर आहे साहेब."

नमुना चौथ्या सीटखालीच होता.

त्या पोराचा चेहरा पडला, पण चूक त्याची नव्हतीच. चार महिन्यांपासून ती पुरती बसत नव्हती. खुब्याचे सांधे झिजल्याचं एक्स-रेत दिसलं होतं, गोळ्या चालू होत्या. बसताना कळ यायची, म्हणून ती उभ्यानंच सांगायची. मला कळायचं आणि मी बक्षिसाचा चेंडू द्यायचो. आमच्या दोघांत एक भाषा तयार झाली होती आणि ती तिसऱ्या कुणाला येत नव्हती. हे मला माहीत होतं, पण मी कुणाला बोललो नव्हतो. बोललो असतो तर तिचा पट्टा सुटला असता. त्या बसमध्ये खरं काही असतं तर माझ्या या गप्प बसण्यापायी माणसं गेली असती.

साहेबांनी तिथंच विचारलं, "उभं राहणं हाच तिचा इशारा धरला तर?" मोह मलाही झाला. पण ती दमली की उभी राहायची, दुखलं तरी उभीच राहायची. त्यातलं कुठलं उभं राहणं खरं, हे सांगायला मी पुण्यात असणार. त्या संध्याकाळी अहवाल मीच लिहिला: नाक उत्तम, इशारा भरवशाचा नाही. नवं पिल्लू तयार होईपर्यंत शेजारच्या जिल्ह्याचं पथक मागवावं लागणार होतं, तेही लिहिलं.

नाशिक पोलिसांच्या स्पाइक या डॉगला २०२१ मध्ये सजवलेल्या गाडीवरून निरोप दिला होता. आमच्याकडे साधा हार होता आणि एका महिला शिपायानं ओवाळलं. कॉलर काढताना माझे हात थरथरत होते. परवानगी मिळाली तशी रेवा पोलीस लाइनीत आमच्याच खोलीत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालायला बसलो तर ती दाराशी जाऊन उभी. तिला घरी ठेवून दार ओढून घेणं फार जड गेलं.

पुण्यात नवं पिल्लू मिळालं, शौर्य. काळा, चपळ, माझ्या तोंडाकडे एकटक बघणारा. महिन्याभरात तो धडाधड बसायला लागला आणि मी खूश. मग एके दिवशी प्रशिक्षकांनी पाच रिकामी खोकी मांडली आणि मला म्हणाले, नमुना तिसऱ्यात आहे. शौर्य तिसऱ्यापाशी बसला. आत काहीच नव्हतं. तो मलाच वाचत होता, तिसऱ्यापाशी माझं पाऊल रेंगाळलं एवढं त्याला पुरलं. रेवाचं न बोललेलं ओळखायची माझी जी सवय होती, ती इथं उलटी पडत होती. त्यानंतर मला नमुना कुठंय हे कधीच सांगितलं नाही. एका चालीनं चालायचं, पट्टा सैल ठेवायचा आणि त्याचं त्याला ठरवू द्यायचं, हे अंगवळणी पडायला मला त्याच्याहून जास्त दिवस लागले. त्या दिवसांत शौर्यला चुकून दोनदा रेवा म्हणून हाक मारली. त्यानं मान वळवली नाही.

सहा महिन्यांनी घरी आलो. रेवा जास्तच पांढरी झाली होती. तिनं आधी माझे हात हुंगले, मग पँट. तिथं शौर्यचा वास होता, तो तिनं बराच वेळ घेतला. मग ती सरावाला रोज खांद्यावर असायची त्या पिशवीकडे गेली. धाप थांबली. तोंड मिटलं. मागचा भाग थोडा खाली गेला, अर्ध्यावरून वर आला. शेपूट ताठ करून ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

बायको म्हणाली, "काय झालं हिला?"

मी फळीवरून तिचा जुना चेंडू काढला.