दमा आहे का, हे कोणत्या डॉक्टरांना विचारावे?

गेल्या दिवाळीनंतर पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास मला खोकल्याने जाग येऊ लागली. उठून बसल्यावर छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येई, अर्ध्या तासाने तो थांबे, आणि सकाळी दहाला, म्हणजे दवाखाने उघडण्याच्या वेळी, मी ठणठणीत असे. या दुखण्याची खोडच अशी की डॉक्टर छातीला नळी लावतात तेव्हा नेमके ऐकण्यासारखे काही नसते.

सल्ल्यांचा मात्र तुटवडा नव्हता. मेहुण्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास सांगितले. शेजारच्या काकांनी माझ्या शेहेचाळीस वयाकडे बोट दाखवून हृदयाची तपासणी सुचवली. आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका सहकाऱ्याने मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला दम्यासाठी मिळणारा माशाचा प्रसाद घेण्याचा आग्रह धरला. त्यांच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही, पण मृग लागायला तेव्हा सात महिने अवकाश होता. उरलेल्या दोन्ही सल्ल्यांत तथ्य होते. नाकाची ॲलर्जी आणि दमा पुष्कळदा जोडीने येतात आणि नाकातला स्राव घशात उतरूनही खोकला येतो. तसेच आडवे पडताच धाप लागणे आणि पायांवर सूज येणे ही हृदयाच्या दुखण्याची चिन्हे असू शकतात. माझे नाक कोरडे होते, पायांवर सूज नव्हती आणि जिना चढताना त्रास होत नव्हता. एवढे स्वतःशी नीट तपासले असते तरी माझी निम्मी धावपळ वाचली असती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिल्या दोन खेपांना खोकल्याचे औषध आणि अँटिबायोटिक दिले. त्याचा मला राग आला होता, पण मीही त्यांना ‘खोकला आहे’ यापलीकडे काही सांगितले नव्हते. तिसऱ्या वेळी मी त्रासाची तारीख, वेळ आणि त्या दिवशी केलेले काम लिहिलेली वही पुढे ठेवली, तेव्हा संभाषणच बदलले. रक्तदाबाची कोणती गोळी घेता, असे त्यांनी विचारले, कारण रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. माझी गोळी वेगळ्या जातीची निघाली. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यामुळे क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला. दोन्ही स्वच्छ आले. मी सुटकेचा श्वास सोडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “दम्यात एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो.” मग त्यांनी छातीविकारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

या तज्ज्ञांच्या पाटीवर अजूनही ‘क्षयरोग व छातीविकार’ असे लिहिलेले असते आणि ओळखीचे कोणी पाहील या धास्तीने लोक तिथली पायरी चढत नाहीत. मीही स्कूटर दोन दुकाने पलीकडे लावली, हे कबूल करतो. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही, त्यांनी सिव्हिलमध्ये, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, छातीविकाराच्या बाह्यरुग्ण विभागाची चौकशी करावी. मात्र बोलताना वाक्य पुरे होत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर तज्ज्ञ निवडत बसू नये, थेट अपघात विभाग गाठावा.

खासगीत जाण्यापूर्वी मी फोनवर एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे स्पायरोमेट्री होते का? माझ्या मते डॉक्टरांच्या पदव्यांपेक्षा हा प्रश्न अधिक उपयोगी आहे, कारण दम्याचे निदान नुसत्या कानांवर सोडण्यासारखे नाही. या तपासणीत नाकाला चिमटा लावून एका नळीत पूर्ण जोराने फुंकायचे असते आणि शेजारी उभी असलेली मुलगी “अजून, अजून, सोडू नका” असे लग्नाच्या वरातीत ओरडावे तसे ओरडत असते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, हे यंत्र मोजते. मग श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ओढायला देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. प्रौढांत ही हवा 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरने वाढली, तर दम्याच्या शंकेला आधार मिळतो. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून घरूनच सॅल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचाच, पंप ओढून गेलो होतो, त्यामुळे निकाल चक्क नॉर्मल आला. पाच दिवसांनी पंप न घेता गेलो, तेव्हा 2.1 लिटरचे 2.5 लिटर झाले.

त्यानंतर डॉक्टरांनी रोजचे औषध लिहून दिले आणि एक प्रश्न विचारला, जो त्याआधी कोणी विचारला नव्हता: सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी दिवाणजी आहे आणि माझे टेबल कांड्या भरण्याच्या यंत्रालगत आहे. तिथे दुपारपर्यंत हिशेबाच्या वहीवर सुताच्या धुळीचा इतका थर बसतो, की त्यावर बोटाने नाव लिहिता येते. आता पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती वेगाने बाहेर पडतो हे मोजणाऱ्या छोट्या नळीत, सकाळ-संध्याकाळ फुंकून मी आकडे लिहितो आणि सुट्टीच्या दिवसाचे लाल शाईने. मालकांनी परवा माझे टेबल दारालगतच्या खोलीत हलवले. महिन्याने वही घेऊन जायचे आहे. काळ्या आणि लाल आकड्यांतले अंतर तोपर्यंत कमी होते का, हे मी पाहतो आहे.