आमची वाटचाल : आधी शटर, मग इमारत

आमच्या फर्मची सुरुवात वॉटरप्रूफिंगच्या कामांतून झाली. डोंबिवलीत गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, घालणारे कंत्राटदार तेव्हा पैशाला पासरी होते. परंतु कोबा झाल्यावर गच्चीत पाणी तुंबवून ठेवणारे आणि रोज खालच्या घरात जाऊन छताला हात लावून पाहणारे माझे वडील एकटेच असावेत, असे जुने ग्राहक आजही सांगतात. त्यातून इमारतींची दुरुस्ती आली आणि दुरुस्तीतून लहान सोसायट्यांचा पुनर्विकास आला. त्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, कारण कामे येत राहिली, बिले निघत राहिली आणि आमच्या वाटेला कोणी गेले नाही. लिहायचे आहे ते स्टेशनजवळच्या एका शॉपिंग सेंटरविषयी. त्या एका कामाने आम्हाला जवळजवळ बुडवले आणि त्याच कामामुळे आज लोक आम्हाला ओळखतात.

मध्य रेल्वेवरच्या प्रत्येक उपनगरात १९८०च्या दशकात उभी राहिलेली अशी सेंटर्स वाचकांनी पाहिलेली असतील. तळमजला आणि वर एक मजला, मध्ये चौक, चौकाभोवती गाळे, जिन्याखाली घड्याळजी, मागच्या कोपऱ्यात कोणी वापरू नये असे स्वच्छतागृह. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढत गेला, त्यामुळे जे गाळे कधीकाळी एक पायरी वर होते ते दोन पायऱ्या खाली गेले. २६ जुलै २००५ रोजी तिथे शटरच्या कडीपर्यंत पाणी होते. वरच्या मजल्यावरचे निम्मे गाळे गोदाम म्हणून वापरले जात, कारण जिना चढून खरेदी करणारे गिऱ्हाईक डोंबिवलीत तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

आम्हाला प्रथम बोलावले ते केवळ गळती थांबवण्यासाठी. मी आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांना सोबत घेऊन गेलो. काँक्रीटचा कठीणपणा मोजणारे रिबाउंड हॅमर हे साधन दिसायला अगदीच साधे आहे. कॉलमवरचे प्लॅस्टर काढायचे, उघडे पडलेले काँक्रीट घासून सपाट करायचे, हॅमर काटकोनात दाबायचा आणि आकडा वाचायचा. मात्र त्या एका आकड्यावर विसंबून इमारतीचा निवाडा करणारे लोक आमच्या व्यवसायात आहेत आणि त्यांच्यापासून सोसायट्यांनी सावध राहावे. वरची कातडी कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन, कडक झाली की हॅमर उलट चांगला आकडा दाखवतो. म्हणून आम्ही ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन शिंपडतो. कार्बोनेशन न झालेले निरोगी काँक्रीट त्याने क्षणात गुलाबी होते. तिथल्या कॉलमवर ते शिंपडले तेव्हा सळईपर्यंत रंग म्हणून आलाच नाही आणि सळईला बोट लावताच गंजाचा पापुद्रा हातात आला. दुरुस्तीचे काम आम्हाला सहज मिळाले असते, तरीही आम्ही लेखी कळवले की दुरुस्तीत पैसे घालू नका, पुनर्विकास करा.

त्या प्रिमायसेस सोसायटीचे, म्हणजे गाळेधारकांच्या सहकारी संस्थेचे, सचिव म्हणजे तळमजल्यावरच्या कोपऱ्यातले मॅचिंग सेंटरवाले काका. त्यांचे नाव इथे देत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. भिंतभर कप्पे, कप्प्यांत ब्लाउजपीस आणि अस्तरांच्या घड्या, काउंटरच्या कडेला ठोकलेली पितळी मीटरपट्टी आणि बाहेर दोन हातांचा ओटा. बायका साडी घेऊन येत, काका कप्प्यातून तीन-चार छटा काढत आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाला ओट्यावर, उजेडात नेत. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि रामा यांतला फरक कळत नाही, ही त्यांची ठाम भूमिका होती. आमचा अहवाल वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला : "नव्या इमारतीत मला हा उजेड मिळेल का?" तोपर्यंत इतर सर्वांनी वाढीव जागेची टक्केवारी विचारली होती.

मोजणी आम्ही फायबरच्या टेपने केली आणि लेझर मीटरने पडताळली. करारनाम्यांत कुठे बिल्ट-अप (भिंतींसह) तर कुठे कार्पेट (भिंतींच्या आतले) क्षेत्रफळ लिहिलेले, पोटमाळा कोणी क्षेत्रफळात धरलेला तर कोणी न धरलेला, आणि जिन्याखालचा घड्याळजींचा कोनाडा तर मंजूर नकाशात अस्तित्वातच नव्हता. प्रत्येक गाळेधारकाला समोर उभे करून, खडूने भिंतीवर माप लिहून, त्याच जागी मोजणीपत्रकावर सही घेण्याची आमची पद्धत आहे. आम्ही एक रकाना वाढवला, जो अशा पत्रकांत सहसा नसतो : शटरची रुंदी. दुकानाची कमाई त्याच्या चौरस फुटांत नसते, रस्त्याकडे उघडणाऱ्या फुटांत असते. दहा फूट शटर आणि वीस फूट खोली असलेला गाळा, आणि सहा फूट शटर आणि चौतीस फूट खोलीचा गाळा, यांत क्षेत्रफळाने दुसरा मोठा आणि धंद्याने पहिला मोठा.

म्हणूनच आराखडा आम्ही खालून वर काढला. रूढ पद्धत अशी की वरच्या सदनिका आधी बसवायच्या, कारण विक्रीतून पैसा त्यांचाच येतो, आणि मग त्यांचे कॉलम खाली उतरतील तिथे उतरू द्यायचे. परिणामी एखाद्याच्या शटरसमोर कॉलम उभा राहतो, नाहीतर वरच्या कॉलमचा भार बाजूच्या कॉलमांवर नेणारा जाड बीम, म्हणजे ट्रान्सफर गर्डर, घालून खर्च आणि बीमची खोली दोन्ही वाढवावी लागते. आम्ही आधी शटरांची रांग आखली, दोन शटरांमधल्या भिंतीत कॉलम ठेवले आणि त्या अंतरात बसतील अशा खोल्या वर काढायला आर्किटेक्टना सांगितले. त्यांनी तोंड वाकडे केले, पण काढल्या. गाळ्यांचे छत आणि पहिल्या राहत्या मजल्याची जमीन यांच्यामध्ये ड्रेनेजच्या पाइपांसाठी स्वतंत्र सर्व्हिस स्लॅब ठेवला. कोणाच्या न्हाणीघराचे पाणी काकांच्या कापडावर टपकले असते तर आमच्या वडिलांनी मिळवलेले नाव त्याच दिवशी संपले असते.

२०१४ मध्ये विकास करारनामा झाला. इमारत धोकादायक ठरलेली असल्याने पावसाळ्यापूर्वी गाळे रिकामे करणे भाग होते आणि पर्यायी जागांचे भाडे आमच्या खात्यातून सुरू झाले. एप्रिल २०१५ मध्ये घनकचऱ्याच्या व्यवस्थापनावरून मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीत नव्या बांधकाम परवानग्यांना मनाई केली. आदेशाविषयी आमची तक्रार नाही. कल्याणच्या आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर आम्हीही खाडी ओलांडताना पाहत होतो. पण आमचा प्रस्ताव मंजुरीच्या उंबरठ्यावर होता आणि दर महिन्याच्या पाच तारखेला भाड्याचे धनादेश मात्र जायलाच हवे होते. ज्या वित्तसंस्थेने तोंडी होकार दिला होता तिच्या अधिकाऱ्यांनी आमचे फोन घेणे बंद केले. एमआयडीसीतला गाळा विकला, सेंट्रिंगचे साहित्य निम्म्या किमतीत काढले, आणि वडिलांनी ज्यांच्या गच्च्या केल्या होत्या अशा दोन जुन्या ग्राहकांनी हातउसने दिले. मनाई उठायला एक वर्ष लागले आणि त्या वर्षात एकाही गाळेधारकाचा धनादेश परत गेला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. कारण त्याच वर्षी आमच्याविषयी जे बोलले गेले ते याच्या नेमके उलट होते.

ते बोलणारा विकासक मोठा होता. रस्त्यापलीकडचे तशाच वयाचे सेंटर त्याने आधीच घेतले होते आणि दोन्ही भूखंड एकत्र झाले तर त्याचा मनोरा उंच होणार होता. त्याची माणसे आमच्या गाळेधारकांना एकेकटे गाठू लागली. आम्ही बुडालो आहोत, भाडे दिवाळीनंतर बंद होईल, शहाण्याने वेळीच बाजू बदलावी, असा प्रचार सुरू झाला. चहा पाजून सांगितलेली ही गोष्ट महिन्याभरात सेंटरचे सर्वमान्य सत्य बनली. आमच्यापेक्षा अधिक कार्पेट, अधिक कॉर्पस (संस्थेला द्यायचा रोख निधी) आणि वर प्रत्येकाला एक पार्किंग, असा त्याचा देकार होता. ज्यांच्या मुलांच्या लग्नांत मी जेवलो होतो, असे काही जण मला रस्त्यात पाहून फुटपाथ बदलू लागले. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

आमचा करार रद्द करण्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली गेली. पडद्यावर रंगीत चित्रे आली, काचेच्या लिफ्ट आल्या, फुगे घेतलेली मुले आली. काका शेवटच्या रांगेत बसले होते. ते उठून म्हणाले, "साहेब, चित्र सुंदर आहे. माझे शटर किती फुटांचे, आणि ते कुठे उघडते, एवढेच सांगा." उत्तर आले की तळमजल्यावर एका मोठ्या ब्रँडचे दालन येणार असल्याने विद्यमान गाळेधारकांना पहिल्या मजल्यावर, वातानुकूलित आर्केडमध्ये जागा दिली आहे. मग काकांनी आमचे मोजणीपत्रक खिशातून काढले आणि प्रत्येकाच्या शटरची जुनी रुंदी व आमच्या नकाशातली नवी रुंदी मोठ्याने वाचून दाखवली. सभेतल्या बहुतेकांचा जन्मच वरच्या मजल्यावरची दुकाने ओस पडताना पाहण्यात गेलेला होता. ठराव बारगळला.

पुढचे थोडक्यात सांगतो. मनाई उठली, परवानगी मिळाली, नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने सदनिकांची चौकशी थंडावली, २०१७ मध्ये महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाकडे, नोंदणी झाली, २०२० च्या टाळेबंदीत मजूर गावी गेले आणि २०२१ मध्ये भोगवटा प्रमाणपत्र हातात आले. घड्याळजींना नकाशात नसलेल्या कोनाड्याबद्दल कायद्याने काही देणे लागत नव्हतो; आमच्या विक्रीच्या हिश्श्यातून लहानसा गाळा काढून दिला आणि त्याची नोंद स्वतंत्र करारनाम्यात केली. काकांचे दुकान कोपऱ्यात आहे, दोन बाजूंनी उघडे, ओट्यासह.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना कोणी विचारले नसले तरी काही गोष्टी सांगून ठेवतो. पुनर्विकासाच्या संमतीसाठी ३ जानेवारी २००९ च्या शासन निर्देशानुसार तीन चतुर्थांश बहुमत लागत असे, ४ जुलै २०१९ च्या निर्देशाने ते ५१ टक्क्यांवर आणले. परंतु हे निर्देश गृहनिर्माण संस्थांना समोर ठेवून लिहिलेले आहेत आणि दुकानदारांच्या संस्थेत ५१ टक्क्यांवर काम सुरू करणे म्हणजे उरलेल्या ४९ टक्क्यांना कोर्टाचा रस्ता दाखवणे आहे. डिसेंबर २०२० च्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने निवासी वापराला ६० आणि अनिवासी वापराला ८० टक्के अनुषंगिक चटईक्षेत्र (जादा बांधकामक्षेत्र) अधिमूल्य, म्हणजे शुल्क, भरून उपलब्ध केले, त्यामुळे मिश्र वापराचे गणित कागदावर आकर्षक दिसते. त्या आकर्षणात १ एप्रिल २०१९ पासूनची जीएसटीची १५ टक्क्यांची रेषा विसरू नये : दुकानांचे कार्पेट एकूण कार्पेटच्या त्या मर्यादेपलीकडे गेले की प्रकल्पाचा वर्गच बदलतो आणि दुकानांच्या कराचा हिशेब वेगळा होतो. सदनिकांचा दरवाजा, लिफ्ट आणि पाण्याची टाकी दुकानांपासून पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. खाद्यपदार्थांचा गाळा येणार असेल तर धुराचा डक्ट गच्चीपर्यंत नेऊन नकाशातच दाखवा. नंतर बाहेरून लोंबकळणारा पत्र्याचा पाइप लावला की तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब आणि वडापाववाला आयुष्यभर भांडत राहतात. आणि दुकानदारांना दिवाळीच्या तोंडावर कधीही हलवू नका. त्यांची निम्म्या वर्षाची कमाई त्या चार आठवड्यांत असते आणि कोणतेही भाडे ती भरून देत नाही.

रस्त्यापलीकडची इमारत आमच्यानंतर पूर्ण झाली. काचेची लिफ्ट खरोखरच आहे. पहिल्या मजल्यावरच्या आर्केडमधल्या बहुतेक गाळ्यांत आता शिकवण्या चालतात आणि मूळ दुकानदारांनी जागा भाड्याने देऊन धंदा बंद केला आहे. गेल्या वर्षी त्यांच्यातले काही जण काकांची ओळख सांगत आमच्या कार्यालयात आले आणि तळमजल्याच्या मागच्या भिंतीत गल्लीकडे उघडणारी शटरे काढता येतील का, असे विचारू लागले. मी इंजिनिअरांना घेऊन गेलो, हॅमर लावला, टेप धरली. त्या भिंतीच्या रेषेत वरच्या सदनिकांचे कॉलम चार-चार फुटांवर उतरले आहेत. तिथे शटर निघणार नाही, असा अहवाल आम्ही दिला. पाहणीची फी मात्र पूर्ण घेतली.