हंडीतली टाचणी

आठवीला चुंबकत्व शिकवायचं असलं की मी मुलांना गोदाकाठची वाळू आणायला सांगते. ती कागदावर पसरून वरून चुंबक फिरवला की काळे कण चिकटून ताठ उभे राहतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून सुटलेलं मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज ते. यंदाही ते झालं आणि मी नेहमीचा प्रश्न विचारला, चुंबक न टेकता ओढतो कसा?

"बाई, चुंबकातून काहीतरी निघतं, ते मधली हवा हाकलतं. मग मागची हवा टाचणीला पुढे ढकलते."

पंचवटीतून येणारा, एरवी गप्प बसणारा मुलगा. 'चूक' हा शब्द माझ्या तोंडात आला होता, पण गिळला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन कवी ल्युक्रेशियसने जवळपास हेच लिहिलंय! फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनेही १६४४ मध्ये असंच मांडलं. त्याच्या मते चुंबकातून स्क्रूसारखे आटे असलेले सूक्ष्म कण वाहतात आणि मधली हवा बाहेर काढतात. प्राचीन ग्रीक विचारवंत थेलीसला चुंबकात आत्मा दिसला. आपल्याकडच्या वैशेषिक दर्शनाच्या सूत्रांत चुंबकाकडे सुईच्या सरकण्याला 'अदृष्ट', म्हणजे न दिसणारं, कारण म्हटलंय. यांतलं हवेचं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते शाळेतसुद्धा तपासता येतं.

पुढचा तास प्रयोगशाळेत घेतला. निर्वात पंपाची काचेची हंडी काढली. आत स्टँडला चुंबक अडकवला. टाचणीला दोरा बांधून तो खाली पक्का केला. टाचणी चुंबकाखाली बोटभर अंतरावर ताणून उभी राहिली. शेजारी तोंड बांधलेला, अर्धवट फुगवलेला फुगा ठेवला, म्हणजे हवा कमी होतेय हे दिसावं. हंडीच्या कडेतून हवा शिरत होती. व्हॅसलीन दोनदा लावावं लागलं.

पंप सुरू झाला तसा फुगा टरारून फुगला. मुलं टाचणीकडे बघत होती. मागून ढकलणारी हवा संपत चालली होती, म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोरा सैल पडायला हवा होता.

टाचणी हलली नाही.

मला वाईट वाटलं, त्याला नाही. तो काचेला नाक लावून बघत होता. "म्हणजे हवा नाही. पण निघणारं काहीतरी असेलच की, बाई!"

मी शास्त्रज्ञ फॅरेडेने चुंबकाभोवती कल्पिलेल्या बलरेषांबद्दल सांगायला लागले, तर त्याने मध्येच हात वर केला.

"आधी हवा परत सोडा ना. तेव्हा काही होतं का बघू."

झडप उघडली. फुगा आक्रसला. टाचणी तशीच उभी होती.

"हं," म्हणाला आणि वही उघडली.